कम्युनिटी कॉलेजातून यूसी, की थेट कॅल स्टेट? बे एरियातला खरा हिशेब

एप्रिलमध्ये बारावीतल्या मुलाच्या घरी साधारण तीन पर्याय समोर असतात. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एखाद्या कॅम्पसचे प्रवेशपत्र आलेले असते, पण हवे ते मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळालेले नसते. कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ-समूहातल्या सॅन होजे स्टेट किंवा हेवर्डच्या कॅल स्टेट ईस्ट बेचा होकार असतो. आणि तिसरे, क्युपर्टिनोतले डी अँझा किंवा लॉस अल्टोस हिल्समधले फूटहिल ही कम्युनिटी कॉलेजे, जिथे दोन वर्षे शिकून मग विद्यापीठात जायचे (यालाच ट्रान्सफर म्हणतात) आणि प्रवेशासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. १ मेपर्यंत ठरवायचे असते. या प्रक्रियेतून गेल्यावर आमचे मत पक्के झाले आहे की पहिला प्रश्न कॉलेजचा नसतोच. मेजर कोणते आणि मूल राहणार कुठे, या दोन गोष्टींवर बाकीचे सगळे ठरते.

आधी पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचे वजन मोजायचे एकक) ४६ डॉलर पडतात. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीने (शैक्षणिक वर्षात दोनऐवजी तीन टर्म) चालतात, तिथे युनिटमागे ३१ डॉलर. ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिट म्हणजेच ९० क्वार्टर युनिट लागतात. ९० गुणिले ३१, म्हणजे २,७९० डॉलर. वर पुस्तके आणि किरकोळ फी. वर्गांच्या वेळापत्रकात काही वर्ग पुस्तकखर्च शून्य असलेले म्हणून दाखवलेले असतात. ते निवडले तर पुस्तकांचाही भार उतरतो. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या रहिवाशांना प्रॉमिस योजनेत दोन वर्षांची ही फीसुद्धा माफ होते, मात्र त्यासाठी फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरावा लागतो.

कॅल स्टेटची ट्यूशन २०२५-२६ मध्ये ६,४५० डॉलर आहे आणि ती दरवर्षी ६ टक्के वाढणार हे २०२३ मध्येच मंजूर झाले आहे: पुढे ६,८३८, मग ७,२४८, मग २०२८-२९ मध्ये ७,६८२. याखेरीज कॅम्पस फी, जी कॅम्पसगणिक बदलते. अंदाजासाठी वर्षाला २,००० धरा. यूसीचा आकडा १५ हजारांच्या आसपास, वर कॅम्पसची फी. यूसीमध्ये ज्या वर्षी मूल दाखल होते त्या वर्षीचा दर सहा वर्षांपर्यंत गोठतो. ट्रान्सफर होऊन दोन वर्षांनी येणाऱ्याला मात्र तेव्हाचा, म्हणजे वाढलेला दर लागतो. ही बारीक गोष्ट तुलनेत बहुधा सुटते.

आता बेरीज करा. यूसीला चार वर्षे बाहेरगावी राहून शिकायचे तर ट्यूशनचे ६० हजार आणि खोली-जेवणाचे वर्षाला २० हजारांप्रमाणे ८० हजार, एकूण १ लाख ४० हजारांच्या घरात. पहिली दोन वर्षे घरी राहून डी अँझात आणि पुढची दोन यूसीत काढली तर ७३ हजारांच्या आसपास. निम्म्याने वाचले. पण नीट पाहिले तर वाचलेल्या ६७ हजारांपैकी ४० हजार घरी राहिल्याचे आहेत. ट्यूशनचे २७ हजारच.

कॅल स्टेटशी तुलना केली की चित्र एकदम वेगळे दिसते. घरून ये-जा करून चारही वर्षे कॅल स्टेटमध्ये: २८,२१८ ट्यूशन आणि ८ हजार कॅम्पस फी, म्हणजे ३६ हजार. डी अँझातून दोन वर्षांनी त्याच कॅल स्टेटमध्ये: २,७९० अधिक १४,९३० अधिक ४ हजार, म्हणजे २१ हजार ७००. फरक साडेचौदा हजारांचा. हा फरक लहान नाही, पण पदवी एक वर्ष लांबली तर त्यातले साडेनऊ-दहा हजार त्या जादा वर्षाच्या फीतच जातात, आणि पहिल्या नोकरीचा एका वर्षाचा पगार बुडतो तो वेगळाच. म्हणून हवे ते मेजर आणि घरून जाता येईल असा कॅम्पस, दोन्ही कॅल स्टेटने दिले असेल, तर आम्ही बिनदिक्कत ते घ्या म्हणतो. दिवाळीच्या फराळाला ‘कुठे लागला?’ असे विचारणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून यूसीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आणि त्याच चेहऱ्यांकडे पाहून कम्युनिटी कॉलेज टाळण्यातही नाही.

कम्युनिटी कॉलेज खरोखर कामाला येते ते तीन परिस्थितींत. हव्या मेजरला कुठेच थेट प्रवेश मिळाला नाही. यूसीच हवी आहे पण चार वर्षांचा बाहेरचा खर्च झेपत नाही. किंवा मुलाचे मेजर अजून ठरलेले नाही. तिसऱ्या बाबतीत सावध राहा. ‘दोन वर्षांत बघू’ म्हणत सुटे-सुटे विषय घेणारी मुले ९० युनिट पूर्ण करतात, पण एकाही मेजरची पूर्वतयारी, म्हणजे त्यासाठी आधी लागणारे कोर्स, पुरी झालेली नसते. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये दिशा ठरायलाच हवी.

आणखी एक वाट बरेच जण मनाशी धरून असतात: आधी कॅल स्टेटमध्ये जाऊ, दोन वर्षांनी यूसीत ट्रान्सफर घेऊ. नियमाने बंदी नाही, पण यूसी ट्रान्सफरमध्ये प्राधान्य कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना देते; चार वर्षांच्या विद्यापीठातून येणारे रांगेत मागे असतात. तशीच फसवी वाट म्हणजे कॅल स्टेटमध्ये सोप्या मेजरला प्रवेश घेऊन आतून कॉम्प्युटर सायन्सला बदलणे. सॅन होजे स्टेटसारख्या ठिकाणी जागांपेक्षा मागणी जास्त असते. त्यामुळे आतल्या आत बदलायलाही ठरावीक कोर्स, ठरावीक जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि रिकामी जागा लागते. ‘आत शिरू, मग पाहू’ हे आपल्याकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशातही धोक्याचे असते. इथे तर जास्तच.

आता कामाची पायरी. असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर डावीकडे आपले कम्युनिटी कॉलेज, उजवीकडे हवे ते विद्यापीठ आणि मेजर निवडले की कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सच्या बदल्यात चालतो याचा तक्ता येतो. हा तक्ता वर्षागणिक बदलतो. ज्या वर्षी कोर्स घेतला त्या वर्षीचा करार लागू होतो, म्हणून दरवर्षी पीडीएफ उतरवून ठेवा. एका नव्हे, चार-पाच कॅम्पसचे तक्ते शेजारी ठेवा आणि सगळ्यांत समान असलेले कोर्स आधी घ्या. यूसी सॅन डिएगोला हवा असलेला एखादा प्रोग्रॅमिंगचा कोर्स डेव्हिसला लागत नाही, आणि उलटही होते. ‘करार नाही’ अशी ओळ दिसली तर तो कोर्स तिथे गेल्यावर करावा लागेल असे समजा आणि पुढच्या दोन वर्षांत त्याची जागा धरा. काउन्सेलरला भेटायलाच हवे, एज्युकेशन प्लॅन त्यांच्याकडूनच मंजूर होतो. पण भेटीला जाताना हे तक्ते छापून न्या. कोऱ्या हाताने गेलेल्याला जनरल एज्युकेशनची, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांची, यादी मिळते. ती चुकीची नसते, पण इंजिनिअरिंगवाल्याला पुरत नाही.

जनरल एज्युकेशनचे नियम २०२५ च्या फॉलपासून बदलले. पूर्वी यूसीकडे जाणाऱ्यांसाठी आयजेट्सी आणि कॅल स्टेटसाठी त्यांची वेगळी यादी होती. आता नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दोन्हीकडे चालणारी एकच कॅल-जेट्सी आहे: ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट. त्यात भाषणकौशल्याचा कोर्स सगळ्यांनाच लागतो. जुन्या बॅचच्या ताई-दादांनी दिलेली यादी म्हणूनच जशीच्या तशी वापरू नका. शिवाय कोर्सचे क्रमांकही राज्यभर एकसारखे करणे सुरू झाले आहे. इंग्रजी लेखनाचा पहिला कोर्स आता ‘इंग्लिश सी १०००’ या नावाने दिसतो. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांनी पूर्ण कॅल-जेट्सीच्या मागे न लागता मेजरची पूर्वतयारी आधी संपवावी. गणित-फिजिक्स अर्धवट आणि समाजशास्त्र पूर्ण अशा अर्जाला बर्कली किंवा लॉस एंजेलिसमध्ये फारसे कोणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त अडतात ते साखळीतले, म्हणजे एकापाठोपाठ एक करावे लागणारे, कोर्स. डी अँझात कॅल्क्युलस मॅथ वन-ए पासून वन-डी पर्यंत चार क्वार्टर चालतो. फिजिक्सची फोर-ए ते फोर-डी ही मालिका त्याच्या पाठोपाठ धावते, कारण फिजिक्सला कॅल्क्युलस आधी झालेला लागतो. पहिल्या फॉलला वन-ए सुटला, वर्ग भरला म्हणून किंवा मध्येच सोडला म्हणून, की पूर्ण साखळी एका क्वार्टरने सरकते आणि शेवटचा फिजिक्स ट्रान्सफरच्या आधी बसत नाही. ‘दोन अधिक दोन’चे ‘तीन अधिक दोन’ होते ते बहुधा असेच. दुसरे, साखळी एका कॉलेजात सुरू करून दुसऱ्या कॉलेजात संपवू नका. क्वार्टरचा एक आणि सेमिस्टरचा एक असे तुकडे जोडले की मधला काही भाग दोन्हीकडे नसतो, आणि विद्यापीठ अख्खी मालिकाच अपुरी धरते. उन्हाळ्यात सेमिस्टरवाल्या कॉलेजात एखादा भाग उरकू, हा मोह गणिताच्या बाबतीत टाळावा. इतिहास किंवा कला खुशाल उरका.

नव्या विद्यार्थ्याची नोंदणीची तारीख जुन्या मुलांच्या मागून येते. तोवर गणित आणि प्रोग्रॅमिंगचे चांगल्या वेळेचे वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव घाला, पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा, प्राध्यापकांकडून वर्गात नाव घालायचा अ‍ॅड कोड मागा. पहिल्या आठवड्यात बरीच मुले गळतात आणि जागा होते. हजर नसलेल्याचे नाव त्याच आठवड्यात कमी होऊ शकते.

ग्रेडबद्दल तीन नियम पाठ असावेत. यूसी पुन्हा केलेल्या कोर्सची नवी ग्रेड धरते ती पहिली डी किंवा एफ असेल तरच; सी मिळाली म्हणून कोर्स परत केला तर काही उपयोग नाही. पास-नो पास पद्धतीने (ग्रेडऐवजी फक्त पास की नापास) घेतलेली युनिट १४ सेमिस्टर युनिटांपर्यंतच चालतात, आणि मेजरच्या कोर्सला तर ती पद्धत वापरूच नये. आणि शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे कोर्स कायमचे रेकॉर्डवर राहतात. दहावी-अकरावीत फुकट मिळतो म्हणून ड्युअल एनरोलमेंटमध्ये घातलेल्या मुलाची तिथली सी पुढे ट्रान्सफरच्या अर्जातही दाखवावीच लागते. ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, लपवले तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. दिलाशाची बाजू अशी की शाळा संपेपर्यंत आणि लगेचच्या उन्हाळ्यात कितीही कॉलेज कोर्स केले तरी यूसी त्या मुलाला पहिल्या वर्षाचाच उमेदवार मानते.

वेळापत्रक दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरला सुरू होते. १ ते ३० सप्टेंबर ही टॅगची खिडकी, म्हणजे आधीच अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाईड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहाच कॅम्पस ती देतात, आणि त्यांतला एकच निवडता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅग भरताना साधारण ३० सेमिस्टर युनिट, म्हणजे ४५ क्वार्टर युनिट झालेली असावी लागतात, म्हणून पहिले वर्ष हलके काढलेल्यांना ही खिडकी बंदच असते. कॅम्पसप्रमाणे जीपीएची अट वेगळी आहे आणि वगळलेल्या मेजरची यादी दर उन्हाळ्यात नव्याने येते. सांता बार्बराचे इंजिनिअरिंग कॉलेज टॅगमध्ये नाही. कॉम्प्युटर सायन्स तर बहुतेक ठिकाणी एक तर वगळलेले किंवा चढ्या जीपीएचे. ‘यूसीची हमी आहे’ हे वाक्य ऐकून कम्युनिटी कॉलेज निवडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मुलांनी हा तक्ता मे महिन्यातच पाहायला हवा, सोळा महिन्यांनी नव्हे. अर्थशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र यांना मात्र टॅग मोठा आधार आहे.

कॅल स्टेटकडची हमी वेगळ्या जातीची. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये जागा नक्की, आणि पुढची पदवी ६० युनिटांत संपेल अशी रचना. पण जागा ‘कुठल्या तरी’ कॅम्पसवर. सॅन होजेतच आणि तुमच्याच मेजरला असे कोणी म्हणत नाही. कॅल स्टेटला लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित हे चार कोर्स किमान सी-मायनसने झालेले लागतात. त्यांतला एक राहिला तर बाकीचा अर्ज कितीही चांगला असला तरी अडतो.

दोन्हीकडचे मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. यूसीला कॅम्पसमागे ८० डॉलर, कॅल स्टेटला ७०. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ कुथते, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या आधी पाठवून मोकळे व्हा. यूसीच्या अर्जात फॉलच्या ग्रेड नसतात. त्या जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट नावाच्या फॉर्ममध्ये भरायच्या. हा फॉर्म म्हणजे ऐच्छिक स्मरणपत्र समजून सोडून देणारी मुले दरवर्षी भेटतात. तो न भरलेला अर्ज कॅम्पस सरळ बाजूला ठेवू शकतो. वसंतात घेणार म्हणून लिहिलेला कोर्स बदलला तर तेही कळवायचे. यूसीची रहिवाशांसाठी किमान पात्रता २.४ जीपीए आहे, पण तो आकडा वाचून निश्चिंत होऊ नका. मागणीच्या मेजरला प्रवेश मिळणाऱ्यांचे जीपीए त्याच्या कितीतरी वर असतात.

मदतीचे पैसे हवे असतील तर फाफ्सा २ मार्चच्या आत. मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली मिडल क्लास स्कॉलरशिप यूसी आणि कॅल स्टेटच्या पदवीसाठी मिळते, कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत नाही. पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी ठेवलेल्या गुणवत्ता-शिष्यवृत्त्याही ट्रान्सफरवाल्यांना सहसा उघड्या नसतात. अशी शिष्यवृत्ती हातात असेल तर ती वरच्या बेरजेत मांडूनच निर्णय घ्या.

आपल्या बऱ्याच घरांत याच्याही वर एक प्रश्न असतो, तो व्हिसाचा. एच-४ वरचे, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरचे, मूल कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून गणले जाऊ शकते. टर्मच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे लागतात. न्यू जर्सीहून किंवा टेक्सासहून नुकत्याच आलेल्यांनी भाडेकरार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांच्या तारखा जपून ठेवाव्यात. पण एच-४ वर फाफ्सा नाही, कॅल ग्रँट ही राज्याची मदत नाही आणि पगारी इंटर्नशिपही नाही. तीन वर्षे इथल्या हायस्कूलात शिकलेल्यांना फीसवलत देणारा एबी ५४० कायदाही सर्वसाधारण नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना लागू नाही. आणि २१ वा वाढदिवस, कारण त्यानंतर एच-४ राहत नाही. ग्रीन कार्डची रांग सरली नाही तर मुलाला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते, आणि एफ-१ वर कॅलिफोर्नियाचे रहिवासीपण प्रस्थापित करता येत नाही. यूसीत बाहेरच्यांना ट्यूशनवर जादा आकार पडतो: २०२५-२६ मध्ये वर्षाला ३७,६०२ डॉलर. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलेल्या मुलाचा हा वाढदिवस नेमका ट्रान्सफरनंतरच्या वर्षात येतो, म्हणजे स्वस्त वर्षे मागे आणि महाग वर्षे पुढे. म्हणून जन्मतारीख, आय-१४० ची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) आणि पदवीचा अपेक्षित महिना हे तिन्ही एका कागदावर लिहा, आणि दर्जा बदलल्यावर कोणता दर लागेल हे त्या विद्यापीठाच्या रेसिडन्सी विभागाकडून ईमेलवर, लेखी घ्या. फोनवरचे उत्तर पुढे कामी येत नाही. अशा घरांत कॅल स्टेटला थेट जाऊन पदवी लवकर संपवणे हा पर्याय पुष्कळदा सरस ठरतो.

पुणे-नाशिकहून थेट एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजला मूल पाठवण्याबद्दल नातेवाईक विचारतात. एसएटीची गरज नाही आणि टॅगही परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे, हे खरे. पण त्यांना ३१ किंवा ४६ डॉलरचा दर नाही, बाहेरच्यांचा अनेकपट दर आहे. घर इथे नाही, म्हणजे भाडेही आले. आणि पुढची दोन वर्षे यूसीत तो जादा आकार. यूसीची किमान जीपीएही त्यांच्यासाठी २.८ आहे. वरच्या बेरजेतला ४० हजारांचा फायदा घरच्या खोलीमुळे होता, आणि तीच इथे नाही.

प्रवेशाचे निकाल यूसीकडून एप्रिलअखेरपर्यंत येतात. होकार १ जूनच्या आत कळवायचा. हा प्रवेश सशर्त असतो. उरलेल्या कोर्समध्ये सी किंवा वर, आणि शेवटच्या टर्मची जीपीए पत्रात लिहिल्याप्रमाणे. शेवटच्या क्वार्टरला ढिले पडलेल्यांचे प्रवेश जुलैत रद्द होतात. डी अँझाचा स्प्रिंग क्वार्टर जूनच्या अखेरीस संपतो आणि ट्रान्सक्रिप्ट पोचायची यूसीची तारीख साधारण १ जुलै असते. म्हणून ट्रान्सक्रिप्ट मागवताना ‘ग्रेड लागल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा, नाहीतर अपुरे ट्रान्सक्रिप्ट जाते आणि पैसे पुन्हा भरावे लागतात. एकही कोर्स केला असेल त्या प्रत्येक कॉलेजचे वेगळे ट्रान्सक्रिप्ट लागते. कॅल-जेट्सीचे प्रमाणपत्र आपोआप जात नाही. शेवटच्या कम्युनिटी कॉलेजकडे अर्ज करून ते मागावे लागते. ते न गेल्यास विद्यापीठ आपल्या स्वतःच्या जनरल एज्युकेशनच्या अटी लावू शकते आणि दोन-तीन कोर्स वाढतात.

पोचल्यावरचा पहिला महिना धावपळीचा. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी कंपन्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कॅम्पसवर येतात, आणि ट्रान्सफरच्या मुलाला तेव्हा इमारतींची नावेही माहीत नसतात. बायोडेटा आणि एखादा पुरा केलेला प्रकल्प ऑगस्टमध्ये तयार हवा. वरच्या वर्षांचे कोर्सही साखळीतलेच असतात, म्हणून ओरिएंटेशनची सगळ्यात लवकरची तारीख घ्या. नोंदणी त्यावर अवलंबून असते. आणि यूसीच्या बिलात आरोग्यविम्याची हजारो डॉलरची ओळ आपोआप चढलेली असते. आईवडिलांच्या विम्यात मूल २६ वर्षांपर्यंत राहू शकते, तो विमा विद्यापीठाच्या अटींत बसत असेल तर मुदतीच्या आत वेव्हर भरून ती ओळ काढून घ्यावी.